बिनखिळ्याच्या भिंती आणि कौशल्यामावशी

कौशल्यामावशीच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा बसायचं कशावर हेच मला कळेना. बसण्यासारखं तर सगळंच दिसत होतं. पाण्याचा पिंप काळ्या रेक्झिनमध्ये शिवलेला, कडेनं लाल दोऱ्याचा दुहेरी टाका. पत्र्याच्या पेटीला करडी गादी. मिक्सरला टोप, गॅसच्या टाकीला बिनबाह्यांचं जाकीट, दाराला आतून फोम. मी पिशवी पोटाशी धरून उंबऱ्यातच उभा.

"काय करलालास तिथं? बस की," मावशी म्हणाली.

"कशावर बसू?"

"कशावरबी बस. शेगडी सोडून."

मी सगळ्यात मऊ दिसणाऱ्या चौकोनावर टेकलो. तो तांदळाचा डबा निघाला. दिसायला खुर्ची, आत दोन महिन्यांचा कोलम. मावशी म्हणाली, "बस बस, काय होत नाही. तांदूळ काय रडतोय व्हय?"

मावशी मूळची औशाकडची. चाकणला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या एका कारखान्यात ती मशीनवर होती. सकाळी कंपनीची बस भोसरीतून घेऊन जायची, संध्याकाळी सोडायची. कापडाच्या कडेच्या चिंध्या, फोमचे तुकडे, सीट बेल्टच्या पट्ट्यांची टोकं, असलं सगळं तिथं कतरणीत जायचं. सुपरवायझरला विचारून, गेटवर पिशवी उघडून दाखवून, मावशी त्यातलं लागेल तेवढं घरी आणायची. आणि तिला लागायचं फार. तिची खाट सीट बेल्टच्या पट्ट्यांनी विणलेली होती. त्या खाटेवर झोपलेला माणूस अपघातात सुद्धा वाचला असता.

थोडक्यात, मावशीचं घर म्हणजे आतून गाडीच होती. नामदेवकाका, म्हणजे तिचे मालक, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. बोलायला अगदी कमी. घर कसं वाटतं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चांगलंय. फक्त कुठं पोचत नाही."

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, मामाच्या दुकानात राहिलो, आणि मग ठेकेदाराच्या माणसाबरोबर चाकणला पॅकिंगच्या कामाला आलो. मला पहिल्यापासून काळजी करायची सवय आहे. बस चुकेल, कार्ड हरवेल, गेटवरून परत पाठवतील, आई फोन उचलणार नाही. फोन लागला की ती पहिल्या रिंगमध्ये का उचलतेय याची काळजी. मावशीच्या शेजारची खोली मला मिळाली हे माझं नशीब. तिला काळजी हा प्रकार माहीत नव्हता. तिला फक्त उघड्या वस्तू सहन व्हायच्या नाहीत.

"उघडं दिसलालंय," असं ती म्हणाली की समजायचं, आता त्या वस्तूला कपडे होणार. आमच्या चाळीतल्या सगळ्या गॅसच्या टाक्यांना जाकिटं होती. काकांच्या सायकलला हेडरेस्ट होता. एकदा पाण्याच्या मीटरला तिनं इतकं छान कव्हर शिवलं, चेन लावून, की मीटर वाचायला आलेला माणूस चाळीला दोन फेऱ्या मारून "इथं मीटरच नाही" म्हणून निघाला. त्याला मागे पळत जाऊन आणलं. मावशीनं चेन उघडून दाखवली. तो खाली बसून आत बघत राहिला, मग म्हणाला, "मावशी, माझ्या गाडीची सीट फाटलीय हो." पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा सीट तयार होती.

ती फार शिकवायची नाही. पण काम करता करता बोलायची, आणि ते डोक्यात राहायचं. "पैसे टाकून कुणीबी सजवतंय, त्यात काय नवल?" हे एक. "आधी बघ, मंग माप, मंग चहा पी, मंग परत बघ," हे दुसरं. आणि मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे, "खोली भाड्याची असती रे. राहणं कुठं भाड्याचं असतंय?"

भाड्याची खोली ज्यांची, ते आबा. भोसरीच्या जुन्या घराण्यातले. पूर्वी जिथं त्यांचा ऊस होता तिथं आता आमच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग. पांढरी बंडी, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांचा एकच कायदा.

"भिताडाला खिळा मारायचा न्हाई. मारला तर डिपॉझिट इसरा."

आधी कुणा भाडेकरूनं टीव्हीसाठी भोक पाडता पाडता भिंतीचा अख्खा कोपरा खाली आणला होता म्हणे. तेव्हापासून आबा महिन्यातून एकदा येऊन प्रत्येक खोलीच्या भिंतीवरून हात फिरवत. डॉक्टर पोट तपासतो तसा.

मावशीच्या भिंतीपुढं मात्र ते दर वेळी चक्रावायचे. कारण तिथं आरसा होता, फळी होती, पडदे होते, देवांचा छोटा देव्हारा होता, काकांचे शर्ट टांगलेले होते, आणि खिळा एकही नव्हता. मावशीनं युक्ती केली होती. जमिनीपासून वरच्या लोखंडी अँगलपर्यंत बरोब्बर बसेल असा बांबू कापायचा, वर-खाली वर्कशॉपमधले नापास झालेले रबरी बुश, म्हणजे रबराच्या जाड कड्या, बसवायचे, आणि बांबू हाणून उभा करायचा. तो दाबानं घट्ट बसतो. मग बांबूला काय वाटेल ते बांधा.

आबा काठीनं पडदा बाजूला सारत, आरशामागं डोकावत.

"ह्यो आरसा कशावर हाय?"

"बांबूवर, आबा."

"आन् बांबू कशावर हाय?"

"त्याच्या पायावर."

आबा बांबू हलवून बघायचे. बांबू हलायचा नाही. मग ते माझ्याकडं बघून म्हणायचे, "पोरा, ह्या बाईपासून जपून ऱ्हा. एक दिस घर उचलून न्हेईल आन् आमाला कळायचं बी न्हाई."

तिचं सगळंच जमायचं असं नाही हां. चाळीच्या टोकाला दुसऱ्या शिफ्टची चार पोरं राहायची. उन्हाळ्यात पत्रा तापून ती दुपारी भाजून निघायची. मावशीनं पॅकिंगमधले थर्माकोलचे तुकडे गोळा केले, जुन्या साड्यांच्या झोळ्या पत्र्याखाली बांधल्या आणि त्यात ते भरले. खोली खरंच गार झाली. पोरं खूश. दोन दिवस सगळ्या चाळीला दाखवत होती. तिसऱ्या दिवशी मला आणि मावशीला सुट्टी होती; दुपारी चौघं झोपलेली असताना झोळ्या सुटल्या. आम्ही धावत गेलो तर खोलीभर पांढरं, पोरं त्यात गळ्यापर्यंत, आणि त्यातला एक, जालन्याचा, अजून अर्धा झोपेत, म्हणतोय, "बर्फ पडला राव, कंपनीला सुट्टी."

कंपनीला सुट्टी नव्हती. थर्माकोलचे दाणे घामाला चिकटले ते निघेनात. चौघं पोरं पांढऱ्या दाण्यांसकट शिफ्टला गेली. मावशी दाराशी उभी राहून त्यांना जाताना बघत होती. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "गाठ चुकली. बाकी डोकं बरोबर होतं." आणि त्याच संध्याकाळी गाठी बदलून झोळ्या परत बांधल्या. त्या नंतर पडल्या नाहीत.

आता माझ्या लग्नाचं सांगतो. कारण मावशी खरी दिसली ती तेव्हा.

आमच्याकडं हल्ली मुलीकडचे लोक मुलगा नंतर बघतात, खोली आधी. गावाकडं सगळे विचारतात, "पुण्यात स्वतःचं आहे का?" गावाला भोसरी म्हणजे पुणेच. स्वतःचं नाही म्हटलं की चहाचा कप तिथंच खाली. एक गृहस्थ तर माझ्या खोलीच्या उंबऱ्यातूनच आत बघून "गाडी रस्त्यात लावलीय" म्हणाले आणि गेले ते गेलेच. आईला फोनवर सांगितलं तर तिनं जेवलास का विचारलं. पण तिचा श्वास ऐकू आला. त्या दिवसापासून मी पक्कं धरलं होतं, आपलं काही होत नाही.

मावशी म्हणाली, "तो तुला बघून गेला नाही. भिंत बघून गेलाय. भिंतीचं मी बघते."

भिंत होतीही तशीच. एका बाजूला ओल, दुसऱ्या बाजूला आधीच्या भाडेकरूच्या स्टोव्हचा धूर, आणि मधोमध कुणीतरी कोळशानं काढलेले क्रिकेटचे स्टंप. मी तीन वर्षं त्या स्टंपांपुढं जेवत होतो. मला काही वाटायचं नाही.

सारिकाचं स्थळ आलं तेव्हा मी धास्तावलो, कारण ते चांगलं होतं. ती चाकणलाच वायरिंगच्या लाइनवर कामाला, वडील भोसरीतच लेथवर टर्नर, घरचे मोशीला भाड्यानं राहणारे. फोटो बघून मी लगेच काळजीला लागलो. ते लोक गुरुवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी, खोली बघायला येणार असं ठरलं. आईला हिंगोलीहून यायचं जमत नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "तिथं कौशल्याबाई हायेत न? मंग मी येऊन काय वेगळं करू?"

मावशीनं कारखान्यातून तीन दिवसांची रजा घेतली आणि पदर खोचला.

काकांच्या वर्कशॉपमध्ये जुना लेथ रंगवून घेतला होता, त्यातला अर्धा डबा उरला होता. वर्कशॉपचे मालक म्हणाले, न्या. रंग हिरवाही नाही, करडाही नाही, मशीनचा असतो तो. काका रंग घेऊन आले आणि थंड पेयाच्या बाटलीत थिनर. हे लक्षात ठेवा, थंड पेयाच्या बाटलीत. आमच्या भोसरीत त्या बाटलीत थंड पेय सोडून बाकी सगळं असतं.

मंगळवारी पहिली शिफ्ट करून आलो तर मावशी स्टुलावर चढलेली, हातात ब्रश, आणि निम्मी भिंत झालेली.

"मावशी, आबांना विचारलं?"

"आबांचा कायदा खिळ्याचा हाय. रंगाचं काय बोलले का ते?"

"नाही."

"मंग डबा धर."

मी डबा धरला. संध्याकाळपर्यंत चारही भिंती झाल्या. स्टंप गेले, धूर गेला. दिवा लावला तर खोली अशी गुळगुळीत चमकायला लागली की मी चपला बाहेर काढून आलो.

बुधवारी भिंतीला बोट लावलं. बोट चिकटलं.

"वाळंल उद्यापर्यंत," मावशी म्हणाली.

गुरुवारी सकाळी भिंतीवर एक माशी बसली होती. मी तिला हाकललं. ती गेली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर ती पाय ओढत होती बिचारी, सुटत नव्हती. मी ओरडलो, "मावशी!"

मावशी आली. मागोमाग काका आले. त्यांनी भिंत पाहिली, माशी पाहिली, आणि आपल्या घरात गेले. परत आले ते हातात एक बाटली घेऊन. झाकण उघडून वास घेतला.

"कौशल्या, थिनर तर हे राहिलं."

"मंग मी काय ओतलं?"

"दुसऱ्या बाटलीत कटिंग ऑइल होतं. दाराच्या बिजागरीला आणलेलं."

कटिंग ऑइल म्हणजे लोखंड कापताना त्यावर सोडतात ते तेल. ते रंगात गेल्यावर रंग कधी वाळतो, असं मी काकांना विचारलं. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वाळायचं त्याच्या मनात नसतंय."

पाहुणे दुपारी येणार होते. मी खाली बसलो. मला दिसायला लागलं, सारिकाचे वडील भिंतीला टेकलेत, उठतायत, आणि शर्ट भिंतीवर राहिलाय. मी मावशीला म्हटलं, फोन करून सांगू का, मला ताप आलाय?

मावशी खोलीच्या मधोमध उभी राहून चहूकडं फिरून बघत होती. आधी बघ, मंग माप. मग खरंच म्हणाली, "चहा टाक." चहा झाला. तिनं कप खाली ठेवला आणि तिचा चेहरा उजळला.

"भिंतीला टेकायचंच कशाला कुणी? सगळं मधे घ्यायचं."

पुढचे दोन तास काय चाललं होतं ते सांगता येत नाही. मावशीच्या घरातला पिंप आला, पेटी आली, तांदळाची खुर्ची आली, खाट आली. सगळ्या बसायच्या वस्तू खोलीच्या मध्यात गोल, भिंतीपासून हातभर दूर, जत्रेतल्या पाळण्यासारख्या. भिंतीपुढं बांबू उभे करून पडदे सोडले. जालन्याचा पोरगा सुट्टीवर होता, तो धावत रबरी बुश घेऊन आला, त्यानं विचारलं, "मावशी, हे असं मधे का?" मावशी म्हणाली, "आता हीच फॅशन हाय." तो लगेच म्हणाला, "आमच्या खोलीत पण करा."

सगळं झाल्यावर मावशीनं माझा शर्ट नीट केला आणि हळूच म्हणाली, "हे बग. कुणी विचारलं, हे समदं कुणी केलं, तर म्हणायचं, मीच केलं. पोरीला हौशी नवरा आवडतो. माझं नाव घ्यायचं नाही."

"पण मावशी—"

"नाव घेतलंस तर जाकीट घालीन तुला."

पाहुणे आले. सारिका, तिची आई, वडील आणि मामा. मामा रिअल इस्टेटच्या ऑफिसात होते, त्यामुळं कुठलीही खोली बघताना तोंड वाकडं करायची त्यांना सवय. ते पिंपावर बसले. सारिकाची आई पेटीवर. सारिका तांदळाच्या खुर्चीवर. वडील बसेनात. ते भिंतीकडं बघत उभे राहिले. दोन पडद्यांच्या मधे एक फट राहिली होती, तिथून ती चमकत होती.

"हा रंग..." ते म्हणाले.

मी पडदा ओढायला हात पुढं केला.

"अहो, हा आमच्या लेथचा रंग आहे!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पुढं होऊन, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, भिंतीवर प्रेमानं थाप मारली. हात तिथंच राहिला. त्यांनी ओढला. चुळ्ळ असा आवाज झाला आणि हात सुटला. तळवा हिरवा.

सारिकाच्या वडिलांनी तळव्याकडं पाहिलं. मग तो नाकाजवळ नेला. वास घेतला. परत घेतला. आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"कटिंग ऑइल!" ते म्हणाले. "रंगात कटिंग ऑइल घातलंय कुणी?"

"बाटली चुकली," मावशी म्हणाली. तिला खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"आमच्या वर्कशॉपमध्ये पण एकदा असंच झालं होतं! सहा महिने वाळलं नाही!" ते खाटेवर बसून हसायला लागले, हिरवा हात वर धरून. काका पहिल्यांदाच चार वाक्यं सलग बोलले. त्यांनी आणि सारिकाच्या वडिलांनी मिळून त्या तेलाच्या वासावर जी चर्चा केली, ती बायकांना कळली नाही, मामांना आवडली नाही, आणि मला फार बरी वाटली.

मामांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे. पण ही सजावट, हे पडदे, ही बैठक, हे सगळं केलंय कुणी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशी सारिकाच्या मागं उभी होती. तिनं डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांनी "मी, मी" असं दाखवलं. म्हणजे मी म्हणायचं, मी. सारिका पण बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की मी केलं. एका शब्दाचं काम.

"मावशीनं," मी म्हणालो. "मी फक्त डबा धरला."

मावशीनं कपाळावर हात मारला. सारिका हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

"कोन आलंया? आन् भिताडाला रंग कुनी दिला?"

आबा. आबांनी आता डिपॉझिटचा विषय काढला की संपलं. पण मावशी एका उडीत दाराशी पोचली.

"या या आबा, तुमचीच वाट बघलालोत. पोराचं लग्नाचं बोलणं चाललंय आन् घरचं वडीलधारं माणूस नाही, असं कसं चालंल? हे आमचे आबा."

आबा वाकले, पायताण काढलं, टोपी सरळ केली. वडीलधारं माणूस म्हटल्यावर त्यांना रागवायला जागाच राहिली नाही. ते येऊन काकांनी रिकामं केलेल्या, भिंतीकडं सरकलेल्या स्टुलावर ताठ बसले. मामांना ते मालक आहेत हे ठाऊक नव्हतं. मामांनी विचारलं, "इथले घरमालक कसे आहेत हो?"

आबांनी डोळे मिटले. "मालक? लई खमक्या हाय. खिळा मारू देत न्हाई. पन मनानं..." ते थांबले. नीट विचार केला. "मनानं बरा हाय."

"मुलगा कसा आहे?"

"ह्यो? ह्यो भाडं द्यायला दोन दिस आदी येतो आन् इचारतो, आबा, उशीर तर न्हाई ना झाला?" आबा हसले. हसता हसता मागं रेलले. मागं पडदा नव्हता. मावशीनं हात पुढं केला पण उशीर झाला होता. आबांची पांढरी बंडी पाठभर भिंतीला लागली. त्यांना कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. सारिकाच्या आईनं पदर तोंडात धरला. सारिकाचे वडील आपला हिरवा हात मांडीखाली घेऊन बसले.

चहा झाला. मामा म्हणाले, "बाकी विचार करून कळवतो." हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ते ऐकल्यावर पुढं काय होतं तेही ठाऊक होतं. मी कप गोळा करायला वाकलो.

तेव्हा सारिका बोलली. माझ्याशी नव्हे, मावशीशी.

"मावशी, लग्नानंतर तुम्ही इथंच शेजारी असणार ना?"

मामा म्हणाले, "सारिके, अजून ठरलं कुठं?"

"मी मावशींना विचारतेय," ती म्हणाली. "दिवसभर मी लाइनवर, हे पॅकिंगला. घरी कुणीतरी हसणारं माणूस शेजारी पाहिजे. फ्लॅटचं काय, तो होईल तेव्हा होईल."

काका मावशीकडं बघायला लागले. काकांची नोकरी दिवाळीत संपणार होती. दोघांचं औशाला जायचं पक्कं होतं. गावी भावानं खोली साफ करून ठेवली होती. हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं, चाळीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

"असते की," मावशी म्हणाली. "कुठं जाते मी?"

काकांनी वर पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हो. आहोत."

त्यांच्या मागे हिरवी भिंत होती आणि तिच्यावर आबांच्या पाठीचा ठसा.

आबा त्याच अवतारात सगळ्या गावठाणातून घरी गेले. कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बंडी काठीच्या टोकाला लावून आले.

"आमची म्हातारी म्हनती, हे धुतल्यावर निगना. काय करायचं?"

मावशीनं भरपाई म्हणून त्यांच्या ओट्यावरच्या बाकड्याला गादी शिवली, डोक्याच्या उंचीवर हेडरेस्ट. आबा रोज संध्याकाळी तिथं बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "गाडीतली हाय." भिंतीबद्दल त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. ती शेवटी काकांनी खऱ्या थिनरनं पुसून, घासून परत रंगवली. या वेळी बाटलीचा वास तिघांनी घेतला.

लग्न ठरलं. आणि काका नोकरी संपल्यावर त्याच वर्कशॉपमध्ये दिवसपाळीचे वॉचमन झाले. फिटर माणूस गेटवर खुर्ची टाकून बसला, वर्षभर. मी एकदा म्हणालो, "काका, माझ्यामुळं..." ते म्हणाले, "तुझ्यामुळं नाही. हिनं शब्द दिला, मग मला उभं राहावं लागतं." मी मावशीकडं बघितलं. ती सारिकासाठी चष्म्याचं घर शिवत होती. तिनं ऐकलंच नाही असं केलं.

वर्ष पुरं झाल्यावर सारिकानंच त्यांना गावी पाठवलं. म्हणाली, "मावशी, आता मला हसायला येतंय, जा तुम्ही." मावशी आता औशाला आहे. फोन करते. तिच्या दिराच्या ट्रॅक्टरची सीट कशी आहे ते सांगते, आणि मी फोन केला नि तिनं पहिल्या रिंगला उचलला नाही तर मी काळजी करतो. सारिका म्हणते, आता तुमच्या काळजीला पण कव्हर शिवून घ्या.

पण मावशी म्हटलं की मला ती औशाला दिसत नाही. मला ती आळंदीला दिसते.

आमचं लग्न आळंदीलाच झालं. आमच्यासारख्यांची तिथंच होतात, एका कार्यालयात एका दिवसात दोन-तीन. आई हिंगोलीहून आली होती, आबा नवीन बंडी घालून पहिल्या रांगेत. आमच्या आधीच्या लग्नाची गर्दी निघून गेली होती आणि स्टेजचा मखमली पडदा मधेच लोंबत होता, एका बाजूनं सुटलेला. कार्यालयाचा माणूस म्हणाला, राहू द्या, कुणी बघत नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्यासमोर अंतरपाट. पलीकडं सारिका, दिसत नव्हती, फक्त बांगड्या वाजत होत्या. मी घामानं भिजलेलो. हार हातातून पडेल का, पाय अडकेल का, असं सगळं डोक्यात. आणि अंतरपाटाच्या वर, सारिकाच्या मागे, मला काहीतरी हलताना दिसलं.

मावशी टेबलावर खुर्ची ठेवून चढली होती. सुटलेला पडदा एका हातानं वर धरलेला, दातांत तीन सेफ्टी पिना. काका खाली खुर्ची धरून, मान खाली. भटजींनी तिला पाहिलं, पण ते मधे थांबू शकत नव्हते. आईनं मला हातानं खुणावलं, बघू नको तिकडं. मी बघत होतो.

शेवटचं झालं. अंतरपाट खाली आला. समोर सारिका, माझ्याकडं बघून हसणारी, आणि वर मावशी, जिला अक्षता टाकायच्या होत्या पण पडदाही सोडायचा नव्हता. तिनं क्षणभर विचार केला. मग दोन्ही हात मोकळे केले. अक्षता आमच्यावर आल्या. पडदा तिच्यावर आला. काकांवरसुद्धा, सगळाच, मखमल, झालर, दोऱ्या.

बँड वाजला, लोक टाळ्या पिटायला लागले, आबा ओरडले, "आरं, बाईला बघा!" मला मावशी दिसत नव्हती. लाल मखमलीचा एक डोंगर दिसत होता, उभा, हलणारा. आणि त्याच्या आतून, बाहेरच्या टाळ्यांच्या सुरात सूर मिळवून, दोन हात वाजत होते.